भासऱ्याचा खोकला

कुटुंबाची इमारत परस्परांच्या आदरावर उभी असते, आणि आमच्या घरातला आदर इतका पक्का होता की माझ्या धाकट्या भावाची बायको लग्न होऊन आल्यापासून तिच्यात आणि माझ्यात एका शब्दाचंही भांडण झालं नाही. होणार कसं? एका शब्दाचं बोलणंही झालं नव्हतं.

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत भासरा दिसला की डोक्यावर पदर येतो. त्याच्याशी बोलायचं नाही, तो बसला असेल तिथे बसायचं नाही, त्याचं नाव तर घ्यायचंच नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे लोक माझ्यासमोर गप्प बसतात याची मला सवय होती. पण घरीही 'शांतता राखा'ची पाटी लागावी अशी काही माझी इच्छा नव्हती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी तिला कळवलं की माझ्यासाठी हे सोंग नको. कळवलं अर्थातच बायकोमार्फत. उत्तरही तिच्यामार्फतच आलं: "ती म्हणते, राहू द्या. पदराच्या आत हासता येते."

मग मीही राहू दिलं.

घर यवतमाळात, दारव्हा रोडच्या बाजूला. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको, मागच्या दोन खोल्यांत धाकटा आणि ती, मध्ये अंगण आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. घर माझ्या नावावर आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढे कोर्टात त्याला फार महत्त्व आलं म्हणून सांगतो. धाकटा बोरी अरबला एका कृषी केंद्रात कामाला. बियाणं, फवारणीची औषधं आणि त्यासोबत गिऱ्हाइकाला न मागता सल्ला. रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. ती मारेगावकडच्या एका खेड्यातली. माहेरी तिचं असं कोणी उरलेलं नाही. एक भाऊ आहे, तो कामाच्या मागे हैदराबादेला गेला आणि तिकडचाच झाला.

या सगळ्या व्यवस्थेत माझ्याकडे एकच काम होतं. खोकायचं. अंगणात पाऊल टाकण्याआधी भासऱ्यानं खोकावं, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. छातीचा त्रास मला आयुष्यात कधी झाला नाही, तरी दिवसातून मी इतक्यांदा खोकायचो की शेजारचे गृहस्थ दर हिवाळ्यात अडुळशाची पानं आणून देत. मी ती घेत असे. त्यांना प्रथा समजावून सांगण्यापेक्षा काढा पिणं सोपं होतं. हळूहळू खोकल्यालाही व्याकरण आलं. एकदा खोकलो म्हणजे मी एकटाच आहे. दोनदा म्हणजे सोबत पाहुणा आहे, चहाचं आधण वाढवा.

बायको घरी नसली की मध्यस्थी मांजरीकडे. ओट्याजवळून ती मांजरीला म्हणायची, "मने, मोठ्यायले सांग, चाहा ठेवला हाय."

मी म्हणायचो, "मने, सांग, साखर कमी हवी होती."

"मने, साखर कमीच हाय. जीभ दाखवा म्हना डॉक्टरले."

मांजर दोघांकडेही दुर्लक्ष करायची, पण निरोप पोचायचा. पुढे मी सरकारी मध्यस्थी पाहिली तेव्हा मला या मांजरीची आठवण आली. तिचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, एवढाच फरक.

माझा भाऊ बाहेर अतिशय गोड माणूस आहे. कोणाच्या लग्नात पंगत वाढायला पुढे, कोणाच्या मयतीत लाकडं आणायला पुढे. घरी आल्यावर मात्र हा गोडवा तो चपलेसोबत दारातच काढून ठेवायचा. भाजीत मीठ जास्त का, फोनवर कोण होतं, हसलीस कशाला. हात उचलायला त्याला एवढी कारणं पुरायची. पहिल्यांदा मागच्या खोलीतून तसला आवाज आला तेव्हा माझी बायको धावत गेली. ती घाटंजीची आहे, बाजारात भाव करत मोठी झालेली. आवाज चढवायला तिला वेळ लागत नाही. मी अंगणापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. भासरा त्या खोलीत जात नसतो. मी अंगणात उभा राहून खोकलो. सवयीनं खोकलो की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. आतला आवाज थांबला.

मग ती एक रीतच होऊन बसली. त्याचा आवाज चढू लागला की मी अंगणात यायचो, खोकायचो, आणि तो थांबायचा. बायको त्याला तोंडावर बोलायची. मी त्याला बाजूला घेऊन बोलायचो. तो रडायचा, आमच्या पाया पडायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी साडी घेऊन यायचा. तिच्याकडे साड्या बऱ्याच झाल्या.

मध्यंतरी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला मुलीकडे राहून करायचं, म्हणून बायकोही सोबत आली. आम्ही परत आलो तेव्हा भावजयीच्या मनगटाला प्लास्टर होतं.

"अंगणात घसरली," धाकटा म्हणाला.

ती त्या दिवशी मांजरीशीही बोलली नाही.

संध्याकाळपर्यंत माझ्या बायकोला सगळं कळलेलं होतं. सकाळी तिनं पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "आमी दोघी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन राह्यलो. तुमाले विचारून नाही राह्यली, सांगून राह्यली."

"मी येऊ का?"

"तुमी येऊन काय करता? खोकता?"

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज गेला. प्रतिवादी क्रमांक एक माझा भाऊ. प्रतिवादी क्रमांक दोन मी. कारण राहण्याचा हक्क मागायचा तर घराचा मालक समोर पाहिजे, असं तिला मोफत विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाईंनी सांगितलं. समन्स घेऊन आलेला शिपाई आमच्याच कॉलेजात शिकलेला निघाला. त्यानं कागदावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.

"सर, तुमी पण?"

"हो," मी म्हटलं. "पाणी घेता?"

त्यानं पाणी घेतलं नाही.

कोर्टात आम्ही एकाच ऑटोनं जात असू. मागे अर्जदार आणि तिची जाऊ, म्हणजे माझी बायको. पुढे ड्रायव्हरला चिकटून प्रतिवादी क्रमांक दोन. पहिल्याच तारखेला कोर्टानं माझ्या भावाला तिच्याजवळ यायची तात्पुरती मनाई केली आणि तो बोरी अरबला दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. प्रश्न उरला तो पुढचा. ती या घरात कायमची राहणार, की आज ना उद्या मनाई उठून तो परत येणार आणि तिला जावं लागणार? आणि जायचं तर कुठे?

भावाचा वकील मला भेटायला घरी आला. तोही आमच्या कॉलेजचा. त्याच्या नावावर ग्रंथालयाचं एक पुस्तक अजून बाकी होतं, पण तो विषय मी काढला नाही. माझ्या वतीनं द्यायचं उत्तर त्यानं टाइप करूनच आणलं होतं.

"सर, फक्त सही करा."

मी वाचलं. 'सदर घर हे माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे असून अर्जदार स्त्रीचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.'

"काडीमात्र?" मी विचारलं.

"कोर्टाची भाषा आहे सर."

"या अंगणातली काडी न् काडी तीच झाडते."

तो हसला आणि समजावून सांगू लागला. पूर्वी सोपं होतं. घर नवऱ्याचं नाही असं म्हटलं की बाईचा हक्क तिथेच संपायचा. आता सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की घर नवऱ्याच्या नातेवाइकाचं असलं, तरी ती तिथे घरची म्हणून नांदली असेल तर ते सामाईक घर धरायचं. "म्हणून सर, आपल्याला दाखवायचं आहे की ती तुमच्या घरची म्हणून राहिलीच नाही."

"ते कसं दाखवणार?"

"ती तुमच्याशी आजपर्यंत एक शब्द तरी बोलली आहे का?"

"नाही."

"बस्स! जिच्याशी साधं बोलणं नाही, तिच्याशी कसलं सामाईक घर?"

युक्तिवाद चांगला होता. इतकी वर्षं घरात जे आदर म्हणून सांभाळलं, तेच परकेपणाचा पुरावा म्हणून इतक्या सहज चालू शकतं, हे मला सुचलं नसतं. मी मसुदा पुन्हा एकदा वाचला, दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि सही न करता त्याला परत दिला. नेमकी त्याच वेळी ती चहा घेऊन दारापर्यंत आली होती. दोन कप उंबऱ्याच्या आत ठेवले गेले, बांगड्यांचा आवाज झाला आणि ती गेली. तिनं किती ऐकलं हे मला माहीत नाही. मांजर तिच्या मागे गेली.

हिंसेवर तडजोड होत नसते, हे न्यायाधीशांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. पण राहायचं कुठे एवढा प्रश्न बोलून सुटत असेल तर बघा, म्हणून आम्हाला मध्यस्थी केंद्रात पाठवलं.

मध्यस्थीला अलीकडे चांगले दिवस आले आहेत. तिचा म्हणून वेगळा कायदा झाला आहे, आणि कायदा झाला की उद्घाटनं होतात. केंद्राच्या दाराला झेंडूचं वाळलेलं तोरण अजून लटकत होतं. भिंतीवर हातात हात मिळवल्याचं चित्र आणि खाली इथे कोणीच हरत नाही अशा अर्थाचा मजकूर. टेबल गोल होतं, म्हणजे कोणाला अध्यक्षस्थानी बसता येऊ नये. आपल्याकडे खुर्चीवरून जे रुसवे-फुगवे होतात ते पाहता ही सोय मला सगळ्या कायद्यापेक्षा मोलाची वाटली. टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी आणि डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा.

या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नसतं. म्हणून मी भावजयीला विचारून हे लिहितो आहे; म्हणजे बायकोमार्फत विचारलं. उत्तर आलं, "लिहा म्हना. वाचते कोण?"

मध्यस्थ मॅडमही वकीलच, पण या कोकणातल्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून नुकत्याच इकडे आल्या होत्या. शांत बाई, समोरच्याला पूर्ण बोलू देणाऱ्या. पुढे जो घोटाळा झाला त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांना जे दिसत होतं ते त्या नीट पाहत होत्या.

अर्जदार आणि माझी बायको आधीच आत बसल्या होत्या. आम्हा दोघा भावांना बोलावलं. दारात मी सवयीनं खोकलो.

ती ताडकन उठली, पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, बसा ना."

ती बसली नाही.

"काका, तुम्ही बसा."

मी बसलो, तशी ती आणखी एक पाऊल भिंतीकडे सरकली. माझ्या मागून भाऊ आत आला, तर त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. नवऱ्यासमोर असा पदर घ्यायचा नसतो. थोडक्यात, मारणारा कोण हे त्या खोलीत कोणालाही दिसावं इतकं स्पष्ट होतं, आणि तो मी होतो.

"मी आधी यांच्याशी एकटीनं बोलते," मॅडम म्हणाल्या. आम्हा दोघांना बाहेर जायला सांगितलं. माझ्या बायकोलाही सांगितलं. त्यांच्या हिशेबानं ती त्या भयंकर माणसाची बायको होती.

बाहेर बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. भाऊ थोडा वेळ पाय हलवत राहिला, मग म्हणाला, "दादा, तुमी तिले समजावून सांगा न. मी काय रोज मारत होतो काय?"

"नाही," माझी बायको म्हणाली. "सणावाराले सुट्टी देत होता."

"वहिनी, तुमी मंधात बोलू नका. माह्या घरचा मामला हाय. माह्यं घर हाय ते."

"तुझ्या वकिलानं मला लिहून आणून दिलं होतं," मी म्हटलं. "त्यात ते घर माझ्या स्वकष्टार्जित मालकीचं आहे. म्हणजे तुझाही काडीमात्र संबंध येत नाही."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी त्याला सायकल शिकवली होती. मागून कॅरिअर धरून धावायचो, आणि हात सोडल्याचं त्याला कळू द्यायचो नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं आणि तो असाच मागे वळून पाहायचा. तेव्हा तो पडायचा आणि मी उचलायला जायचो. या वेळी मी बाकावर बसून राहिलो. गुडघा नवा होता, हे काही कारण नव्हे.

थोड्या वेळानं मला एकट्याला आत बोलावलं. तोवर तिनं नवऱ्याबद्दल सगळं सांगितलं होतं आणि माझा विषय निघाला की मात्र थांबली होती, असं नंतर बायकोकडून कळलं; भासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. दारात खोकला आला होता, तो मी मोठ्या कष्टानं गिळला. न खोकता आत गेलो तर ती दचकली, कारण भासरा असा अचानक कधी येत नाही. मॅडमनी हेही पाहिलं. ती आता खुर्चीवर बसली होती, पण माझ्याकडे पाठ करून.

"काका, तुम्ही आत आलात की यांची काय अवस्था होते ते मी दोनदा पाहिलं."

"ती प्रथा आहे. मी यांचा भासरा लागतो."

"म्हणजे?"

"नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत."

"आणि तो खोकला की उठून भिंतीकडे तोंड करतात?"

"हो," मी म्हटलं. "आमच्यात असंच असतं."

म्हणालो आणि मलाच ते ऐकू आलं. हे वाक्य त्या खोलीत माझ्याआधी बऱ्याच पुरुषांनी म्हटलं असणार, आणि कशाकशाबद्दल म्हटलं असणार, तेही मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खुलासा जितका लांबला असता तितका मी जास्त दोषी दिसलो असतो.

मॅडम तिच्याकडे वळल्या. "ताई, खरं सांगा. यांची भीती वाटते तुम्हाला?"

पदर हलू लागला. खांदेही हलू लागले. मॅडमनी कागदी रुमालांचा डबा हळूच तिच्याकडे सरकवला. पदराच्या आत ती हसते आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

"हे बघा," मॅडम समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "त्याच घरात राहायचा आग्रह धरू नका. कायद्यात वेगळी सोय मागता येते. भाड्याची खोली बघू, भाडं नवऱ्यानं भरायचं. तिथे यांच्यापैकी कोणीच येणार नाही. चालेल?"

हसणं थांबलं. ती काही तरी बोलायला बघत होती आणि बोलायला कोणी नव्हतं. बायको बाहेर, मांजर घरी. शेवटी ती प्लास्टिकच्या फुलांकडे बघून बोलली.

"तिथं कोण खोकन?"

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"तिथं खोकन कोण, म्हनलं."

"ताई, माझ्याकडे बघून बोला. मला समजलं नाही."

"तुमच्याकडे कशी पाहू? तिकडे ते बसले हायेत." मग ती फुलांनाच सांगत राहिली, हळू, न थांबता. "आमच्याकडचे हात उचलत आन हे मोठे तिकडून खोकत. खोकलं का हात खाली ये. मी वाट पाहो, आता खोकतीन, आता खोकतीन. खोकतच. हे नागपूरले गेलते तवा कोणी खोकलं नाही. तवा हे झालं." तिनं मनगट पदरातून बाहेर काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टर निघालं होतं, पण ते अजून सरळ झालेलं नव्हतं. "एकल्या खोलीत मी काय करू? त्यायले पत्ता भेटाले कितीक वेळ लागते? मले माह्यं घर पाह्यजे. तिथं मानसं हायेत."

रुमालांचा डबा मॅडमनी परत आपल्याकडे ओढला आणि तसाच धरून ठेवला. मी टेबलाच्या कडेकडे पाहत होतो. माझा खोकला कोणी वाट पाहून ऐकतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला वाटायचं, मी फक्त थांबवतो आहे. भिंतीपलीकडे कोणी तरी त्यासाठी क्षण मोजत असेल, हे लक्षात आलं नव्हतं.

"पण मॅडम," ती फुलांना म्हणाली, "खोकून खोकून मानूस किती पुरन? त्यायचं वय झालं. गुडघा गेला, उद्या दुसरं कायी जाईन. मले कोर्टाचा कागद पाह्यजे. कागदाले वय नाही होत."

माझं वय झालं आहे, हे मला असं गोल टेबलावर समजलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "काका, त्या म्हणतात की..."

"ऐकलं."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना सांगा, घर सामाईकच आहे. तसं मी लिहून देतो."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "ते म्हणतात की..."

"आयकलं," ती फुलांना म्हणाली.

मॅडमना हसू आलं. ते लपवायला त्यांच्याकडे पदर नव्हता, म्हणून त्यांनी पेन उचललं.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं म्हणता येणार नाही. भाऊ दोन तारखांना आला नाही. आला तेव्हा म्हणाला की मी सुधारलो आहे, एक संधी द्या. मॅडमनी तिला विचारलं. ती म्हणाली, "सुधरले असतीन तर चांगलंच हाय. बोरी अरबलेच सुधरलेले राहू द्या." मग त्यानं मला एकट्याला गाठून विचारलं की आई असती तर तिला हे पटलं असतं का. मी म्हटलं, आई असती तर तुला तिनंच आधी चुलीतलं लाकूड दाखवलं असतं. आई तशी नव्हती, पण त्या वेळी मला तिची तेवढी मदत हवी होती. शेवटी त्यानं लिहून दिलं की घरात येणार नाही, तिच्या खर्चाला देईन आणि समुपदेशनाला जाईन. सही त्यानं शाळेतल्यासारखी पूर्ण नाव लिहून केली. ते पाहून मला वाईट वाटलं, तरी कागद मी मॅडमकडे सरकवला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी आदेश वाचून दाखवला. अर्जदारास सदर सामाईक घरात निर्वेधपणे राहण्याचा हक्क राहील. प्रतिवादी क्रमांक एक याने सदर घरात प्रवेश करू नये. प्रतिवादी क्रमांक दोन याने अर्जदाराच्या वास्तव्यास कोणताही अडथळा निर्माण करू नये. उभं राहून ऐकावी अशी भाषा होती, आणि आम्ही तिघंही उभेच होतो. मराठी चांगलं होतं. एका ठिकाणी सामान्यरूप चुकलं होतं, पण न्यायालयाचा अवमान नको म्हणून मी सोडून दिलं. प्रत हातात मिळाल्यावर तिनं ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. ऑटोत ती मागे माझ्या बायकोला काही तरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. मला वाटतं विषय मी होतो.

तोवर ती पुढच्या खोलीत माझ्या बायकोशेजारी झोपायची. रस्त्यावरून मोटरसायकल गेली की उठून बसायची, गाडी पुढे गेली की पुन्हा आडवी व्हायची. त्या दिवशी कोर्टातून आल्यावर तिनं आपलं अंथरूण उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि जरा पाठ टेकते म्हणाली. उन्हं उतरली, बायकोनं एकटीनं स्वयंपाक केला, ताट झाकून ठेवलं. रस्त्यावरून मोटरसायकली जात होत्या. ती उठली नाही. सकाळ झाली तरी उठली नाही.

सकाळी नळ आला. आमच्या भागात नळ रोज येत नाही. आला की गल्लीभर एकच धावपळ होते. पाणी चढवायच्या मोटरचं बटण मागच्या खोलीत, तिच्या उशाजवळच्या भिंतीवर आहे. बायको दारापर्यंत गेली, कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग आम्ही दोघं अंगणाच्या पायरीवर बसलो. शेजाऱ्यांच्या मोटरी चालल्या होत्या, पलीकडे कोणाची तरी टाकी भरून वाहत होती. दारावर कान ठेवला तर आतून घोरणं ऐकू येत होतं, असं बायको म्हणते. मी दाराजवळ गेलो नाही.

ती उठली तेव्हा नळ जाऊन बराच वेळ झाला होता. पुढचं पाणी सोमवारी येणार होतं.